बाल न्याय : कोठडीऐवजी समाजाच्या देखरेखीचा मार्ग

दुचाकी चोरताना सापडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचे काय करावे, या प्रश्नाला समाजात साधारणपणे दोन उत्तरे मिळतात. 'लहान आहे, सोडून द्या' हे एक आणि 'चांगले आत टाका, म्हणजे अद्दल घडेल' हे दुसरे. भारतीय कायदा मात्र गेले पाव शतक तिसरे उत्तर देत आला आहे. मुलाने घरी राहावे, शाळा वा काम सोडू नये. पण केलेल्या कृत्याचा जाब त्याला द्यावाच लागावा. त्यासाठी त्याने समुपदेशनाला हजर राहावे, नेमून दिलेले समाजोपयोगी काम पार पाडावे, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वागावे आणि आईवडिलांनीही त्याच्या वर्तनाची हमी घ्यावी. हा मार्ग कागदावर जितका स्पष्ट आहे तितकाच व्यवहारात अपरिचित आहे. तो अर्धवट राबवला गेला की पहिल्या उत्तरासारखा दिसू लागतो आणि लोक संतापून दुसऱ्या उत्तराची मागणी करतात. बाल न्यायाविषयीच्या आजच्या वादाचे मूळ बव्हंशी येथे आहे.

कायदा काय सांगतो?

'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील आरोपीला तो 'गुन्हेगार' म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. समाजसेवकांपैकी किमान एक महिला असली पाहिजे. मंडळापुढे चालतो तो खटला नव्हे, चौकशी. मुलाचे घर, शिक्षण, संगत, व्यसने, वस्तीतील परिस्थिती यांची माहिती घेऊन परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा, अशी अपेक्षा असते. 'काय केले' या प्रश्नाइतकेच 'का घडले' या प्रश्नाला येथे महत्त्व आहे.

मुलाकडून अपराध घडला असे सिद्ध झाल्यानंतर मंडळाने कोणते आदेश द्यावेत, हे कलम १८ मध्ये सांगितले आहे. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवात होते ती ताकीद व समुपदेशन करून घरी पाठवण्यापासून. त्यानंतर सामूहिक समुपदेशन, एखाद्या संस्थेच्या वा व्यक्तीच्या देखरेखीखाली समाजसेवा, दंड, पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या हवाली करून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका असे पर्याय येतात. विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवण्याचा आदेश यादीत सर्वांत शेवटी आहे. याशिवाय शाळेत वा व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात जाणे, व्यसनमुक्ती उपचार घेणे, विशिष्ट ठिकाणी न जाणे असे आदेशही मंडळ देऊ शकते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा आणि शक्य तेथे न्यायालयीन प्रक्रियेबाहेरचा मार्ग शोधावा, ही दोन तत्त्वे कायद्याच्या कलम ३ मध्येच नमूद आहेत.

समाजसेवा म्हणजे नेमके काय, याचे उत्तर केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मिळते. चौदा वर्षांवरील मुलांना उद्यानाची निगा राखणे, वृद्धांची सेवा, रुग्णालयात वा शुश्रूषागृहात मदत, अपंग मुलांना साहाय्य, वाहतूक स्वयंसेवक म्हणून काम अशी कामे देता येतात. याच नियमांनुसार गुन्हा घृणास्पद स्वरूपाचा नसेल आणि त्यात प्रौढ साथीदार नसेल, तर मुलाविरुद्ध प्राथमिक माहिती अहवालही नोंदवला जात नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. विशेष म्हणजे प्रौढांसाठी समाजसेवेची शिक्षा भारतीय न्याय संहितेद्वारे १ जुलै २०२४ पासून, तीही काही किरकोळ गुन्ह्यांपुरती, लागू झाली. मुलांच्या कायद्यात ती २००० पासूनच आहे.

या मार्गालाही मर्यादा आहेत. किमान सात वर्षांच्या शिक्षेस पात्र अशा घृणास्पद गुन्ह्यात सोळा ते अठरा वयोगटातील मुलाची प्राथमिक पडताळणी करून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यास सामोरे जाण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर उसळलेल्या लोकक्षोभातून ही तरतूद आली. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या आकडेवारीनुसार भारतीय दंड संहितेखालील एकूण गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा १.२ टक्के होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

सुधारशाळेपासून मंडळापर्यंत

मुलांना प्रौढ कैद्यांपासून दूर ठेवावे हा विचार भारतात जुना आहे. १८५० च्या उमेदवारी कायद्याने गुन्हा केलेल्या मुलांना कारागिराच्या हाताखाली धंदा शिकण्यासाठी ठेवण्याची सोय केली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून ओळखली जाऊ लागली. १८९७ च्या सुधारशाळा कायद्यानंतर १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायव्यवस्थेचा आग्रह धरला आणि मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बाल कायदे केले. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडी परिसरातील 'रिमांड होम' या नावाची मुंबईकरांच्या मनातील धास्ती याच काळापासूनची.

पण या सर्व सुधारणांचा केंद्रबिंदू इमारत हाच राहिला. तुरुंगाऐवजी शाळा आली, पहारेकऱ्याऐवजी अधीक्षक आला. मुलगा मात्र घरापासून तुटलेलाच राहिला. मुंबईच्या पत्रकार-कार्यकर्त्या शीला बारसे यांनी देशभरातील तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये या प्रकरणात आदेश झाले आणि त्याच वर्षी संपूर्ण देशासाठी पहिला बाल न्याय कायदा आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांनी आणि भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेने 'संस्था हा शेवटचा उपाय' हे सूत्र पक्के केले. २००० च्या कायद्यात ते उतरले.

या सूत्रामागे केवळ दयाबुद्धी नाही. पौगंडावस्थेत नियम मोडणारी बहुसंख्य मुले वय वाढले, जबाबदारी आली की त्या वाटेवरून आपसूक दूर होतात, असे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडले. अशा मुलाला सराईतांच्या सहवासात ठेवले आणि त्याच्यावर गुन्हेगाराचा शिक्का मारला, तर परतीची वाट बंद होते. महाराष्ट्राला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर असा शिक्का मारला, सोलापूरसह अनेक ठिकाणी माणसांना कुंपणाच्या वसाहतींत डांबले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण पारध्याच्या पोराकडे संशयाने पाहण्याची सवय त्यानंतरही गेली नाही. म्हणूनच २०१५ च्या कायद्यात मुलाची ओळख उघड करण्यास बंदी आहे आणि बाल न्याय प्रक्रियेतून गेल्यामुळे त्याला पुढील आयुष्यात अपात्र ठरवले जाऊ नये, असे सामान्य तत्त्व आहे.

न्यूझीलंडचा प्रयोग

समाजाच्या देखरेखीचा मार्ग पूर्णत्वाने राबवणारा देश म्हणून न्यूझीलंडचे नाव घेतले जाते. तेथील माओरी समाजातील मुले मोठ्या प्रमाणावर संस्थांत डांबली जात होती. आपल्या मुलांविषयीचे निर्णय आपले कुळ आणि कुटुंब यांना डावलून घेतले जातात, ही माओरींची तक्रार १९८८ च्या एका सरकारी अहवालाने ग्राह्य धरली. पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला आणि 'कुटुंब परिषद' ही पद्धत अस्तित्वात आली.

या परिषदेत मुलगा, त्याचे आईवडील, आजी-आजोबा, काका-मामा, पोलीस अधिकारी आणि ज्याचे नुकसान झाले ती व्यक्ती असे सारे एका खोलीत बसतात. समन्वयक बैठक चालवतो. मुलाने काय केले ते त्याच्यासमोर वाचून दाखवले जाते आणि ते त्याने मान्य केले तरच बैठक पुढे सरकते. पीडित व्यक्ती आपल्यावर काय गुदरले ते सांगते. त्यानंतर कुटुंबाला एकांत दिला जातो. त्यांनी आपसांत विचार करून योजना मांडायची असते. माफी, भरपाई, ठरावीक तासांचे समाजोपयोगी काम, शाळेत हजेरी, व्यसनावर उपचार, रात्री घराबाहेर न पडणे अशा गोष्टी तीत असतात. कोणती गोष्ट कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे लिहून ठेवले जाते. योजना पार पडली तर युवा न्यायालय आरोप जणू दाखलच झाला नव्हता अशा रीतीने मुलाला मुक्त करू शकते. मोडली तर न्यायालयाचे दार उघडे असतेच. बरीच किरकोळ प्रकरणे तर पोलिसांचा युवा विभागच ताकीद वा पर्यायी उपक्रमाद्वारे निकाली काढतो. २००८ पासून काही मुलांच्या योजनांचा आढावा माओरींच्या 'मराए' या सभास्थानी, वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत घेतला जाऊ लागला.

स्कॉटलंडने १९७१ पासून वेगळा पर्याय स्वीकारला. तेथे बहुसंख्य प्रकरणांत न्यायाधीशाऐवजी तीन प्रशिक्षित नागरिकांचे मंडळ मुलाच्या व पालकांच्या समक्ष निर्णय घेते. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ मध्ये जगातील पहिले बाल न्यायालय स्थापन झाले. पण तेथील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी जेरोम मिलर यांच्या पुढाकाराने आपल्या मोठ्या सुधारशाळा बंद करून मुलांना छोट्या, स्थानिक उपक्रमांत पाठवले. न्यायालयीन प्रक्रिया आणि पर्यायी उपक्रम यांची तुलना करणाऱ्या २९ प्रयोगांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावल्याने मुलांमधील गुन्हेगारी कमी होत नाही, उलट काही वेळा वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता.

हेतू चांगला, परिणाम उलटा

असे असले तरी 'मुलांसाठीचा उपक्रम' या नावाखाली चालणारी प्रत्येक गोष्ट हितकारक असतेच असे नाही. मॅसॅच्युसेट्समध्येच १९३९ मध्ये ५०६ मुलांवर एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशकांच्या भेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही मिळाले. उरलेल्यांना काहीच नाही. जोन मॅककॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनंतर या मुलांचा माग काढला. त्यांचा १९७८ चा निष्कर्ष धक्कादायक होता. मदत मिळालेल्या अनेकांनी तिच्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. पण गुन्हे, व्यसन, आजार अशा काही निकषांवर त्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. पुढील विश्लेषणात वारंवार शिबिरांना गेलेल्या मुलांचे अधिक नुकसान झाल्याचे दिसले. बिघडलेल्या मुलांना एकत्र आणले की ती एकमेकांकडून शिकतात, हा त्याचा संभाव्य अर्थ.

न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकरवी धाक दाखवण्याचा उपक्रम गाजला. त्यावरील माहितीपटाला ऑस्करही मिळाले. मात्र अशा उपक्रमांच्या शास्त्रीय परीक्षणांत ते गुन्हेगारी घटवण्याऐवजी वाढवतात असे आढळले. तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. पर्यायी उपक्रम सुरू झाला की पूर्वी हवालदाराने दटावून घरी पाठवले असते अशी मुलेही त्यात ओढली जातात. मग पर्याय हा शिक्षेला न राहता मोकळेपणाला होतो. म्हणजे जाळे लहान होण्याऐवजी रुंदावते.

भारतीय परिस्थितीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. मुलाला त्याच्याच गल्लीत, ओळखीच्या लोकांसमोर झाडू मारायला लावले तर त्याचे गुपित राहत नाही आणि कायद्याने दिलेले संरक्षण हरवते. गुंडगिरी करणाऱ्या पोरांची 'धिंड काढा' अशी मागणी अलीकडे सर्रास होते. धिंड आणि समाजसेवा यांत मूलभूत फरक आहे. धिंडीत मुलगा तमाशाचा विषय होतो. समाजसेवेत तो कोणाच्या तरी उपयोगी पडतो. म्हणूनच काम कोणते, ठिकाण कोणते आणि सोबत कोण, हे नीट ठरवावे लागते.

पुण्यातील घटना आणि लोकांचा राग

पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवण्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांतच जामीन मिळाला आणि रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट त्यात असल्याचे कळताच देशभर संताप उसळला. तीन दिवसांत मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तेथे ठेवणे बेकायदा ठरवून नातेवाइकाच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या गदारोळात एक मुद्दा बाजूला पडला. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. अपराध सिद्ध झाल्यानंतरचा कलम १८ खालील आदेश ही निराळी बाब आहे. परंतु लोकांचा राग निव्वळ गैरसमजातून आलेला नव्हता. दोन घरांतील कर्ती मुले गेली असताना, त्या घरांशी ज्याचा काही संबंध नाही असा निबंध हा जाब वाटत नाही, उपचार वाटतो. न्यूझीलंडच्या परिषदेत समोर बसलेल्या पीडिताला ऐकून घ्यावे लागते. भारतीय कायद्यात अशी बैठक सांगितलेली नाही. पीडिताला काय वाटते, त्याची भरपाई कशी व्हावी, माफी मागितली गेली काय, हे प्रश्न विचारण्याची जागाच नसेल, तर समाजसेवेचा कोणताही आदेश 'सुटला' अशाच भाषेत वर्णिला जाणार.

श्रीमंत आणि गरीब मुलांतील अंतराचा सलही या रागात होता. ज्याचे आईवडील वकील देऊ शकतात, हमी घेऊ शकतात, त्याला घरी राहणे सोपे जाते. ज्याची आई धुणीभांडी करते आणि बाप परगावी आहे, त्याच्या घराला 'योग्य देखरेख नाही' असा शेरा मिळतो आणि तेवढ्यासाठी तो निरीक्षणगृहात राहतो. वस्तीतील उपक्रमांची खरी गरज आहे ती याच मुलाला. घर अपुरे पडते तेथे हमी घेणारे दुसरे कोणीतरी उभे राहिले, तर त्याला बाहेर ठेवता येते.

महाराष्ट्रापुढील काम

त्यासाठी लागणारे सारे काही नव्याने उभारावे लागेल असे नाही. 'योग्य व्यक्ती' आणि 'योग्य सुविधा' यांच्या हवाली मुलाला करण्याची तरतूद कायद्यात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या क्षेत्रकार्य प्रकल्पाने १९९० पासून पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांच्या दारात समाजकार्यकर्ता उभा करून दाखवला आहे. नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना चेंडू देऊन सुरू केलेला फुटबॉलचा उपक्रम न्यायालयाच्या आदेशावर चालत नाही. पण मुलाला रोज ठरावीक वेळी, ठरावीक माणसासमोर हजर राहण्याची सवय कशी लागते, हे त्यातून दिसते. गावोगावच्या तालमी, व्यायामशाळा, वाचनालये, ढोल-ताशा पथके, गणेश मंडळे यांच्याकडेही ही ताकद आहे. पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले आढळली, तीही कोणत्या तरी 'भाई'च्या आधाराने एकत्र आलेली. पोराला कोणाचे तरी व्हायचे असते; प्रश्न एवढाच की त्याला आधी कोण गाठतो.

उणीव आहे ती यंत्रणेची. बाल न्याय मंडळांतील रिक्त पदे आणि प्रलंबित चौकशा यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवरील फेब्रुवारी २०१८ च्या निकालात घेतली आणि पदे तातडीने भरण्यास सांगितले. कायद्यानुसार चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत पूर्ण व्हावी. ती वर्षानुवर्षे रेंगाळली तर पंधराव्या वर्षी केलेल्या चोरीसाठी विशीतल्या तरुणाला उद्यानात पाठवण्याचा विचित्र प्रसंग येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या मंडळाच्या प्रत्येक तारखेला तालुक्यातील पालकाचा रोज बुडतो, तोही वेगळाच.

समाजाच्या देखरेखीचा आदेश अर्थपूर्ण व्हायचा, तर काही गोष्टी अनिवार्य ठरतात. काम, तास, मुदत आणि देखरेख करणारी व्यक्ती यांचा आदेशात स्पष्ट उल्लेख असावा. कामाचा घडलेल्या अपराधाशी काही संबंध असावा. पीडिताची इच्छा असेल तर त्याचे म्हणणे मुलापर्यंत पोहोचावे आणि इच्छा नसेल तर त्याच्यावर सक्ती नसावी. हमी घेणाऱ्या संस्थेची आधी पडताळणी व्हावी, कारण मुलांच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांची वाण नाही. मुलांचा घोळका करण्याऐवजी एकेका मुलाला चांगल्या संगतीत मिसळू द्यावे. मुदतीअखेर काम झाले की नाही, मुलगा शाळेत वा रोजगारात टिकला की नाही, याचा अहवाल मंडळापुढे यावा. काम टाळल्यास मंडळाने त्याला पुन्हा बोलावून आदेशाचा फेरविचार करावा.

यातले काहीही बिनखर्ची नाही. परिविक्षा अधिकारी नेमावे लागतात, त्यांना वस्त्यांत फिरण्यासाठी वेळ आणि प्रवासभत्ता द्यावा लागतो, स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यावे लागते. मात्र चार भिंतींआड ठेवलेला मुलगाही तीन वर्षांनी त्याच वस्तीत परततो. तेव्हा वस्तीला त्याची जबाबदारी आज घ्यायची की तीन वर्षांनी, एवढाच खरा प्रश्न उरतो.